सड्यावरचा विमानतळ

मोठ्या शहराच्या विमानतळावरून जो मनुष्य वारंवार प्रवास करतो, त्याला विमानाची सवय होते. परंतु विमानतळाचा कारभार कसा चालतो याची ओळख त्याला बहुधा कधीच होत नाही. त्याच्या आणि त्या कारभाराच्या मध्ये दुकानांच्या रांगा, सरकते जिने आणि लांबच लांब दालने उभी असतात. तो एका बंद मार्गिकेतून विमानात शिरतो, दुसऱ्या बंद मार्गिकेतून बाहेर पडतो, आणि एवढ्या प्रवासात त्याच्या पायाला धावपट्टीकडची जमीन किंवा त्याच्या तोंडाला तेथला वारा लागत नाही. लहान विमानतळावर हे पडदे नसतात. इमारतीत शिरल्यापासून विमानाच्या पायरीवर पाय ठेवीपर्यंत जे अंतर आहे ते आपण स्वतःच्या पायांनी चालतो, आणि विमानवाहतुकीस अवश्य असलेली प्रत्येक व्यवस्था, म्हणजे वजन, झडती, वारा, अग्निशमन, इंधन आणि निरोपाची देवघेव, आपल्या नजरेच्या टप्प्यात येते. ज्याला ही विद्या समजून घ्यावयाची आहे त्याने दिल्ली-मुंबईपेक्षा एखाद्या जिल्ह्याच्या विमानतळावर एक तास काढावा, असे मला मनापासून वाटते. आणि त्या दृष्टीने वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळासारखे दुसरे चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला. परुळे हे गाव तेथल्या आदिनारायणाच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध; त्याच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा जो विस्तीर्ण सडा आहे, त्यावर सुमारे अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी आखली आहे. कोकणात सपाट जमीन अशी मिळतेच कोठे? खाली खाडी, तिच्या काठी माड आणि भातशेती, मग एकदम चढ, आणि चढ संपला की उघडा, कातळी, वाऱ्याला पूर्ण मोकळा असलेला सडा. नांगर लागत नाही म्हणून शेतकऱ्याने गुरांच्या चराईपुरता राखलेला. शेतीच्या दृष्टीने उणी असलेली ही भूमी विमानाच्या दृष्टीने मात्र उत्तम ठरते, कारण आसपास उंच डोंगर नाहीत आणि पाणी उताराने निघून जाते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी आपल्या देशातील नागरी विमानवाहतुकीचा आरंभकाळ आठवावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस आले, ते जुहूच्या समुद्रालगतच्या सखल मैदानावर उतरले. आणि पावसाळा आला की ते मैदान पाण्याखाली जात असल्यामुळे टाटांच्या विमानकंपनीला आपला सारा बाडबिस्तरा पुण्यास हलवावा लागे. किनाऱ्यावरच्या आगबोटींचाही शिरस्ता तोच होता: ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळला की मुंबई ते वेंगुर्ले ही जलवाट बंद, आणि ती पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत माणसे गावी अडकून राहत. पावसाळ्याशी करावयाची ही तडजोड सड्यावरच्या विमानतळालाही चुकलेली नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

इमारत आटोपशीर आहे आणि तिचे वर्णन लांबविण्याचे कारण नाही. दाराशी ओळखपत्र व तिकीट यांची पडताळणी होते, आणि आत जाताच प्रवासी वजनकाट्याशी येतो. हा काटा केवळ जादा सामानाचे पैसे वसूल करण्यासाठी आहे असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक येथून जी विमाने उडतात ती सत्तरीच्या आसपास आसनांची, पंख्यांची, ए.टी.आर. ७२ या फ्रेंच-इटालियन बनावटीची असतात. उड्डाणाच्या वेळी अशा विमानाचे एकूण वजन सुमारे तेवीस हजार किलोंच्या पलीकडे जाऊ नये अशी मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत विमान, इंधन, माणसे व सामान हे सर्व बसवावयाचे असते. शिवाय ते वजन किती आहे एवढ्याने भागत नाही. ते कोठे आहे हेही पाहावे लागते, कारण गुरुत्वमध्य ठरावीक हद्दीच्या पुढे किंवा मागे सरकला तर विमानाचे नाक वैमानिकाच्या हाताला नीट वश राहत नाही. म्हणून प्रवाशांचे ठरवून दिलेले सरासरी वजन, सामानाचे प्रत्यक्ष वजन आणि आसनांची मांडणी यांचा एक ताळेबंद तयार होतो व तो वैमानिकाच्या हाती पडल्यावाचून विमान जागचे हलत नाही. विमान निम्मे रिकामे असताना एखाद्या प्रवाशाला अमक्याच रांगेत बसण्याची विनंती केली जाते, तेव्हा तिच्यामागे हा हिशेब असतो.

यानंतर झडतीचे दालन. माणूस ज्या चौकटीतून जातो तिच्यात चुंबकीय क्षेत्राचे स्पंद सोडलेले असतात. अंगावरच्या धातूत त्यामुळे क्षणिक विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याची चाहूल लागताच चौकट सूचना देते. सामान मात्र क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते, आणि त्या यंत्राच्या पडद्यावर उमटणारे रंग हा मोठा उद्बोधक विषय आहे. यंत्र दोन निरनिराळ्या ऊर्जांच्या किरणांनी वस्तू पाहते आणि त्या दोन छायांच्या तुलनेवरून पदार्थाचा वर्ग ठरविते: अन्न, कापड, कागद, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, जड धातू निळे, आणि मधल्या प्रतीचे पदार्थ हिरवे. स्फोटक द्रव्ये बहुधा सेंद्रिय वर्गात मोडत असल्यामुळे तपासनिसाची दृष्टी सुरीप्रमाणेच दाट नारिंगी रंगाच्या गोळ्याकडेही तितक्याच सावधपणे वळते. आता कोकणातून निघालेल्या पिशवीत काय असते ते आठवा: काजूगर, आमसुले, कुळथाचे पीठ, खाजे, फणसाची पोळी. ती सारी पिशवी पडद्यावर नारिंगी! अशी पिशवी उघडून दाखविण्याचा प्रसंग येतो तो तपासनीस संशयी असतो म्हणून येत नाही. पदार्थविज्ञानाने त्याच्यापुढे टाकलेले कोडे त्याला हाताने सोडवावे लागते.

या दालनात एका वस्तूवरून मात्र हमखास वाद होतो, आणि ती वस्तू म्हणजे सुके खोबरे. ज्या मुलखात नारळ हा देवापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र आहे, तेथल्या माणसाला खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेण्यास मनाई आहे हे ऐकून विस्मय वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु ही मनाई लहरीतून निघालेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक दिलेला असून, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात त्याची गणना आहे. नीट न वाळलेल्या खोबऱ्याच्या राशीत ओलावा असतो, त्यावर बुरशी व सूक्ष्म जंतू वाढतात, तेलाचा हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग होतो, आणि या सर्व क्रियांतून निघणारी उष्णता राशीच्या पोटात कोंडून राहिली की तापमान चढत जाते. जहाजांच्या तळघरातून खोबरे वाहून नेणाऱ्या दर्यावर्दी लोकांना हे संकट फार पूर्वीपासून ठाऊक होते. एका कुटुंबाच्या पिशवीतल्या चार वाट्या पेट घेतील असे कोणी म्हणत नाही. परंतु नियम करणाऱ्याला प्रत्येक वाटी किती वाळली आहे हे तपासता येत नाही, आणि आकाशात लागलेल्या आगीपासून पळून जाण्यास जागा नसते, म्हणून त्याने सरसकट बंदी केली. अख्ख्या नारळाच्या बाबतीतही सुरक्षेच्या अंमलदारांनी हात आखडताच ठेवला आहे. तथापि शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील, म्हणजे यात्रेच्या गाठोड्यातील, नारळ सोबत नेण्याची मुभा २०२४ च्या ऑक्टोबरात यात्रेच्या हंगामापुरती दिली गेली, यावरून नियमाला श्रद्धेचा विचार करता येतो हेही दिसून आले. माझे म्हणणे एवढेच, की लहान विमानतळाच्या दारावर हा नियम कारणासह, मराठीत, ठळक अक्षरांत लावावा. ज्या म्हातारीने लेकीसाठी वर्षाचे खोबरे बांधून आणले आहे, तिच्याकडून ते आत काढून घेण्यापेक्षा बाहेरच तिला निरोप देणाऱ्या मुलाच्या हाती परत जावे.

झडती संपली की प्रतीक्षागृह, आणि त्याच्या काचेपलीकडे सबंध विमानतळ. येथे प्रवाशाने हातातला फोन क्षणभर खाली ठेवून बाहेर पाहावे. प्रथम दृष्टीस पडते ती खांबावर लावलेली भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी, जी वाऱ्याची दिशा आणि तिच्या ताठपणावरून त्याचा जोरही दाखविते. विमानाच्या पंखांना उचल मिळते ती त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. जमिनीच्या मानाने विमान किती वेगाने धावत आहे याच्याशी पंखांना कर्तव्य नसते. समजा उड्डाणास हवेच्या सापेक्ष ताशी दोनशे किलोमीटर वेग लागतो आणि समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा येत आहे; तर जमिनीवर एकशे साठाचाच वेग गाठावा लागतो, आणि धावेचे अंतर साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ते तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते. म्हणून विमाने वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतात व उतरतात. चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि हे योग्यच झाले, कारण पावसाळी वारे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या दुपारी खारा वाराही समुद्रावरूनच सुटतो. पट्टीच्या दोन टोकांवर ०९ आणि २७ हे अंक मोठ्या आकारात रंगविलेले असतात. होकायंत्राने दाखविलेल्या दिशेच्या अंशांतून शेवटचे शून्य काढून टाकले की ते मिळतात: पूर्वेकडे धावणाऱ्यास नव्वद अंश म्हणून ०९, आणि पश्चिमेकडे धावणाऱ्यास दोनशे सत्तर म्हणून २७. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव मंद गतीने सरकत असल्यामुळे हे अंक कायमचे नसतात. अमेरिकेतील टँपा येथे २०११ साली याच कारणासाठी धावपट्टीचे अंक पुसून नवे रंगवावे लागले.

विमान येण्याच्या आधी एक गाडी धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जाऊन येते. तिच्यातील माणसे सुटा दगड, खिळा, मेलेला पक्षी, कुंपणातून शिरलेले जनावर यांचा शोध घेत असतात. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेले काँकॉर्ड विमान जळून पडले, त्याच्या मुळाशी आधीच्या विमानातून धावपट्टीवर गळून पडलेली धातूची एक पट्टी होती. तिने टायर फाडला, टायरच्या तुकड्याचा आघात इंधनाच्या टाकीला बसला, आणि विमानातील सर्व १०९ माणसे व जमिनीवरील चौघे प्राणास मुकले. हा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला त्या सावकाश जाणाऱ्या गाडीकडे आदरानेच पाहावे लागते. बाजूला अग्निशमनाच्या गाड्या तोंडे पट्टीकडे करून उभ्या असतात. त्यांची संख्या आणि त्यांतील पाण्या-फेसाचा साठा येणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून मुक्रर केलेला असतो, आणि हाक आल्यापासून तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कोणत्याही बिंदूवर त्यांनी पोहोचलेच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दिवसभरात एक-दोनच विमाने येणार असली तरी या बंदोबस्तात फारशी काटछाट करता येत नाही. लहान विमानतळ महाग का पडतो याचे हे पहिले उत्तर.

मग विमान उतरते, आणि आपण उन्हातून चालत त्याच्याकडे जातो. ए.टी.आर.चे दार मागच्या बाजूस असते आणि त्याच दाराच्या आतल्या अंगाला पायऱ्या बसविलेल्या असतात. दार खाली पडले की जिना तयार, त्यासाठी विमानतळाला वेगळी सामग्री लागत नाही. शेपटीखाली एक सडपातळ आधारदांडी लावलेली दिसते: सर्व माणसे मागून चढत असता मागची बाजू जड होऊन विमान बसकण मारू नये, एवढ्यासाठी ती असते. आणखी एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. उभ्या विमानाच्या उजव्या बाजूच्या यंत्राचा आवाज चालू असतो, पण त्याचा पंखा मात्र निश्चल! मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज व थंड हवा पुरविण्यासाठी एक छोटे स्वतंत्र यंत्र असते; ए.टी.आर.च्या रचनाकारांनी ते वजन वाचविले आणि उजव्या पंख्याला रोधक लावून, पंखा न फिरविता, त्याच मुख्य यंत्राकडून ते काम करून घेतले. जेथे बाहेरून वीज जोडण्याची सोय असेलच असे नाही अशा ठिकाणांसाठीच हे विमान घडविले आहे, आणि ते त्याच्या प्रत्येक अवयवावरून कळते. पंख छताच्या वर बसविलेले असल्यामुळे खिडकीतून खाली पाहण्यास आडकाठी नसते. पश्चिमेकडे उडून विमान उत्तरेस वळले आणि हवा निवळ असली, तर कर्ली नदीचे मुख, तिच्या आणि समुद्राच्या मध्ये पातळ पट्टीसारखी पसरलेली देवबागची वाळू, आणि पलीकडे शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग, असा देखावा एका दृष्टिक्षेपात येतो. जे जेट विमानातून पस्तीस हजार फुटांवरून जातात त्यांना हे सुख नाही.

आता पावसाळ्याकडे येऊ. उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीच्या कडेला ओळीने लावलेले चार दिवे दिसतात: दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतार बरोबर, चारही पांढरे तर विमान फार उंच, चारही तांबडे तर धोक्याइतके खाली. ही युक्ती सोपी आणि अचूक आहे, परंतु दिवे दिसले तर! आषाढात सड्यावर ढग अक्षरशः टेकतात. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरून सोडलेल्या रेडिओलहरींच्या वाटेने विमान दाट धुक्यातूनही पट्टीजवळ आणता येते. ती यंत्रसामग्री खर्चाची आहे, तिची निगा राखणेही खर्चाचे आहे, आणि ती नसलेल्या ठिकाणी दृश्यतेची अट कडक ठेवावी लागते. त्यामुळे विमान वर येऊन घिरट्या घालते आणि माघारी जाते, आणि नातलगांची वाट पाहणारी माणसे ढगांमागचा त्याचा आवाज तेवढा ऐकतात. या अडचणीवर एक आशादायक उपाय मात्र निघाला आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली ‘गगन’ ही व्यवस्था उपग्रहांच्या स्थाननिर्देशातील चुका दुरुस्त करून त्या दुरुस्त्या दुसऱ्या उपग्रहामार्फत विमानाला कळविते. राजस्थानातील किशनगढ येथे एप्रिल २०२२ मध्ये एक ए.टी.आर. विमान तिच्या आधाराने चाचणीदाखल उतरविण्यात आले. लहान विमानतळावर महागडी यंत्रे न बसविता ढगांतून वाट काढण्याची ही सोय कोकणपट्टीला जितकी उपयोगी तितकी दुसऱ्या कोणत्याही प्रदेशाला क्वचितच असेल.

परंतु ढगांपेक्षा कठीण अडथळा हिशेबाचा आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली व २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली हे तिच्यातील पहिले विमान उडाले. तत्त्व असे, की सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही आसने अडीच हजार रुपयांच्या आसपास विकावयाची, त्यामुळे कंपनीला येणारी तूट काही काळ भरून द्यावयाची, आणि त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून व राज्याचा वाटा घेऊन उभा करावयाचा. पोलीस व अग्निशमन राज्याने विनामूल्य पुरवावयाचे. ही मदत एका मार्गाला तीन वर्षे. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात हिशेब मांडला तो असा: मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते केवळ ५४. चिपीची मुंबई-सेवाही ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होऊन तीन वर्षांची मुदत सरताच थांबली. दरम्यान गोव्यातून कारभार पाहणाऱ्या ‘फ्लाय ९१’ या नव्या कंपनीने २०२४ मध्ये येथून बेंगळुरू, हैदराबाद व पुणे या दिशांना विमाने सोडली. शिवाय पेडण्याजवळ मोपा येथे २०२३ च्या जानेवारीत मोठा विमानतळ सुरू झाल्यामुळे सावंतवाडी-बांद्याच्या प्रवाशाला तेथे अधिक विमाने आणि पुष्कळदा स्वस्त तिकीट मिळते.

या मार्गांची मागणीही विलक्षण असमान आहे. गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईचा चाकरमानी कोकणात येण्यासाठी वाटेल ती किंमत मोजतो, पण तेच विमान परतताना रिकामे. विसर्जनानंतर याच्या नेमके उलट. आणि श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दोन्हीकडे तुरळक माणसे. अशा मागणीवर वर्षभराची सेवा उभी करावयाची तर सणाच्या आणि पर्यटनाच्या प्रवाशावर विसंबून चालणार नाही, असे माझे मत आहे. ज्याला मुंबईच्या रुग्णालयात दाखवून त्याच दिवशी परत यावयाचे आहे, ज्याचे उच्च न्यायालयात काम आहे, ज्या बागाईतदाराला व्यापाऱ्याची गाठ घेऊन संध्याकाळी घरी पोहोचावयाचे आहे, तो माणूस वर्षाचे बाराही महिने प्रवास करतो. त्याला हवे आहे सकाळी जाणारे व संध्याकाळी परतणारे विमान, ज्याची वेळ महिनोन्महिने बदलत नाही. त्यासाठी काळोख पडल्यावर उतरता येईल अशी दिव्यांची आणि मनुष्यबळाची तजवीज लागते. आणि त्याला हवी आहे विमानाच्या वेळेशी जुळवून सोडलेली कुडाळ, मालवण आणि वेंगुर्ले या तीन दिशांची एस.टी., कारण सड्यावर उतरलेल्या माणसाला खाली गावात नेणारी गाडी भाड्याने ठरवावी लागली, तर तिकिटात वाचलेले पैसे घाटी उतरेपर्यंतच संपतात.